पायलीवर पसा

१

वजनाचं पारडं खाली टेकलं ते वर यायलाच तयार होईना. महानंदानं त्यातलं एक वजन उचलून घेतलं, मग दुसरं. समोरच्या पारड्यात मांजरपाटाची पिशवी तट्ट फुगून बसली होती; पण एवढ्या फुगलेल्या पिशवीत जितकी ज्वारी असायला हवी, तितकं वजन काही भरत नव्हतं. अखेर काटा सरळ झाला तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा गायब होता.

चारठाण्याच्या बसप्पा व्यापाऱ्याच्या ओसरीवर सगळ्यांचे डोळे काट्यावर खिळले. वर माळवदावर, घराच्या सपाट छतावर, वाळवण राखायला बसलेली म्हातारी तेवढी पाखरांवर ओरडत होती, "हाऽऽ... हाऽऽ..."

ते लेव्हीचे दिवस होते. निजाम सरकार प्रत्येक गावाकडून ठरावीक ज्वारी घेई आणि किती घ्यायची हे पीक किती आलं त्यावर ठरे. पीक किती आलं हे कोण सांगणार? शेतकरी कमी सांगणार, अंमलदार जास्त. म्हणून नवी तऱ्हा निघाली होती. चिठ्ठ्या टाकून शेत निवडायचं, त्यात दोरीनं आखून एक तुकडा कापायचा, ज्वारी मळून तोलायची, पिशवीत भरून मोहोर लावायची, चांगली वाळली की पुन्हा तोलायची. त्या तुकड्यावरून तालुक्याचा हिशेब.

हैदराबादच्या कॉलेजात हे शास्त्र नुकतंच शिकवायला लागले होते. शुमारियात म्हणत त्याला, म्हणजे संख्याशास्त्र. त्यांचे प्रोफेसर म्हणायचे की पाटीवर आकडे मांडणाऱ्याला आकडा कुठून येतो ते कळत नाही. म्हणून सुटीत विद्यार्थ्यांना ते आपापल्या जिल्ह्यात उमेदवारीला, काम शिकायला, धाडत. परभणी जिल्ह्यात दोघं आली होती. सेलूचा बन्सीधर आणि जिंतूरच्या शिवमूर्तींची महानंदा. वर्गात मुलगी ती एकटीच. वडिलांनी तिला येऊ दिलं ते चारठाण्याला सख्ख्या मामाचं घर होतं म्हणून, आणि एका अटीवर. नावाला बट्टा लागला तर कॉलेज त्याच दिवशी बंद.

बाजेवर बसलेले महसूल खात्याचे गिरदावर दिनकरराव उठले. त्यांनी पिशवीच्या तोंडाची लाखेची मोहोर नखानं चाचपली. ती शाबूत होती. मग ती फोडून त्यांनी आत हात घातला, मूठभर दाणे काढले आणि परत टाकले.

"ज्वारीच आहे. मोहोर कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ."

"खोलीची किल्ली?"

"तीही माझ्याजवळच," महानंदा म्हणाली.

"मग बोलायचं काय राहिलं, बाई?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वजन कमी भरलं की लेव्ही कमी, लेव्ही कमी की गावाचा फायदा, आणि गाव म्हणजे हिच्या मामाचं गाव. मोहोर दुसऱ्या कोणाला लावता आली नसती. जिंतूरला तिच्या वडिलांकडे माणूस धाडायचा, उद्या सकाळी त्यांच्यासमोर जवाब घ्यायचा आणि परभणीला कळवायचं. तोवर पोरगी आणि पिशवी दोन्ही याच घरात राहतील, जबाबदारी मामाची, बसप्पाची.

मामांनी हात पुढे केला. महानंदानं कमरेची किल्ली काढून दिली. ती खोलीत गेली, मागोमाग पिशवी आणि तराजू आले, आणि बाहेरून कडी लागली.

२

खोली धान्याची होती. जाड मातीच्या भिंती, अंगणाकडे हातभर खिडकी, तिला लोखंडी गज, आणि छतात उजेडासाठी ठेवलेलं सवणं. त्या गोल भोकातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. दार बंद झाल्यावर महानंदाला पहिल्यांदा कळलं की ही खोली आपण रोज कुलूप लावून बाहेरूनच पाहत होतो.

ती रडली नाही असं नाही. कॉलेज बंद म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. मामाचा थोरला मुलगा लग्नाचा होता, भाचीवर मामाच्या घराचा हक्क पहिला, आणि गेल्या दोन वर्षांत मामा जिंतूरला आले की हा विषय काढल्याशिवाय परतत नसत. उद्या वडील येतील, जवाब होईल, आणि याच घरात ती माघात सून म्हणून उभी राहील. गज तेच, सवणं तेच.

मग तिनं डोळे पुसले आणि पिशवी पुढ्यात ओढली.

वाळल्यावर ज्वारी हलकी होते, पण एवढी नाही. कोणी काढून घेतली म्हणावी तर पिशवी भरलेली. गिरदावरांनी वरची मूठ पाहिली होती. प्रोफेसरांनी शिकवलं होतं की वरच्या मुठीवर कधी विसंबू नये. तिनं वरून, मधून आणि बुडातून वेगवेगळी मूठ काढली आणि कवडशात पसरली. तिन्ही मुठी सारख्याच निघाल्या. दाण्यादाण्याला सुईच्या अग्राएवढं भोक, आत पोकळ, मधूनच एखादा सोंडकिडा चालायला लागलेला. पाण्याच्या तांब्यात चिमूट टाकली तर निम्मे दाणे वर तरंगले.

चिठ्ठीत ज्याचं वावर निघालं त्या आश्रुबाची ज्वारी तिनं स्वतः पाखडताना पाहिली होती. मोत्यासारखी होती ती. ज्वारी कमी झालेली नव्हती. सगळीच्या सगळी बदलली होती.

पण मोहोर? तिनं पिशवी उलटी केली. परभणीच्या शिंप्यानं बुडाशी मशीनची शिवण घातली होती. आता तिथे हाताचे टाके होते. बारीक, एकसारखे, गोधडीला घालतात तसे. मोहोर कोणी फोडलीच नव्हती.

आणि कुलूप? महानंदाला स्वतःचंच हसू आलं. पिशवी रात्री कुलपात असे. दिवसा ती उन्हात वाळायला माळवदावर असे, सगळ्या जगासमोर. तिनं रात्र राखली होती आणि दिवस उघडा टाकला होता.

तिनं दाणे नाकाशी नेले. आंबूस, ओलसर, जमिनीखालचा वास. लहानपणापासून ओळखीचा. पेवाचा. ज्वारी जमिनीखालच्या पेवात वर्षानुवर्षं राहिली की तिला हा वास लागतो. आणि यंदा दिवाळीनंतर चारठाण्यात एकच पेव फोडलं होतं.

ते याच घराच्या अंगणात होतं.

३

दुपारी मामी ताट घेऊन आली. गंगम्मा मामी मायाळू बाई. तिनं दार आतून लोटून घेतलं, शेजारी बसली आणि भाकरी मोडून देऊ लागली, जणू पोरीला ताप आला आहे.

"जेव ग. आमच्या घरात आल्यावर तुला कुनी दाने मोजायला लावनार न्हाई. त्यासाठी मापाडी हाय की."

महानंदानं भाकरीचा वास घेतला. ताज्या ज्वारीची होती. तिनं सहज विचारावं तसं पेवाबद्दल विचारलं. मामी म्हणाली, ती ज्वारी घरात कोणी तोंडात घालत नाही, किडकी निघाली. कामाच्या बायांना, गड्यांना मजुरीत देऊन संपवायला काढली आहे. वर बसणाऱ्या बायनाबाईलाही तीच. "पर मापात खोट न्हाई हं तुझ्या मामाची. पायली म्हंजी पायली, वरून हात फिरवून सपाट. एक दाना कमी न्हाई, एक दाना जास्त न्हाई."

माळवदावर कोण कोण जातं, याचं उत्तर मामीनं बोटांवर मोजत दिलं. बायनाबाई वाळवणापाशी दिवसभर. बन्सीधर पिशवी न्यायला आणायला. पटवारी अप्पाराव एकदा ज्वारी वाळली का पाहायला. मामांचे गुडघे धरलेले, तरी परवा ते चढले होते. कशाला ते मामीला सांगता येईना.

ताट उचलून ती गेली. थोड्या वेळानं खिडकीच्या गजांपाशी बन्सीधरचा चेहरा आला. त्याचा रंग उडालेला होता.

"मी पिशवी नुसती वर नेली आणि खाली आणली. हमालाचा जवाब कुणी घेतं का हो?"

महानंदानं त्याला तोंडावरच विचारलं. हैदराबादच्या शुमारियातच्या कचेरीत या वर्षी एकालाच घेणार आहेत. ती गेली तर जागा त्याची.

"तुम्ही गेलात तर उरलेली आकडेमोड कोण करील?" तो म्हणाला. "माझी बेरीज तुम्हाला ठाऊक आहे."

ती ठाऊक होती. शिवाय बन्सीधरला गोधडीचा टाका काय, सदऱ्याचं बटणही लावता येत नसे. ते महानंदानं याच महिन्यात दोनदा पाहिलं होतं. तिनं वेगळं विचारलं. पीक कापायच्या दिवशी ती सावलीला बसून तराजू लावत होती. शेतात कोणी आडवं आलं होतं का?

"आडवं नाही. आश्रुबाची म्हातारी आई बांधावर हात जोडून उभी होती. आमचं वावर अजून कापलं नाही, पहिला विळा तुमचा नको, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, चिठ्ठी निघाली तिथंच कापायचं असतं. ज्वारी ती ज्वारी, इथली काय अन् तिथली काय."

"बरोबर बोललात," महानंदा म्हणाली. आपल्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं.

अंगणात खाकरण्याचा आवाज झाला तसा बन्सीधर दिसेनासा झाला. त्याच्या जागी पटवाऱ्याचं पागोटं आलं.

४

अप्पाराव पटवारी गोड बोलणारा माणूस. गजांशी तोंड आणून तो असं बोलला की जसा काही तोही तिच्याशेजारी तुरुंगात बसला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की तिनं काही शोधू नये. गिरदावराला तो समजावील. पोर आहे, नजरचूक झाली, एवढंच लिहून घेऊ. कमी वजन तसंच कागदावर चढेल, तालुक्याचा आकडा खाली येईल, शंभर घरांच्या कणगीत चार दाणे जास्त राहतील.

"अन् मी?"

"तू काय, घरीच जाशील. पोरीच्या जातीला घरी जाण्यात कमीपना नसतो. गाव तुझं नाव काढील."

महानंदाला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. कारण तो खोटं बोलत नव्हता. ती गप्प बसली तर गावाचं खरंच भलं होणार होतं. खोलीला एक दार होतं ते बंद होतं. आता तिला असं वाटू लागलं की ते उघडलं तरी बाहेर पाऊल ठेवायला जागा नाही.

पटवाऱ्यानं हे केलं असेल का? त्याला वजन कमी हवं होतं. पण तो वजन जाणणारा माणूस. त्याला वजन घटवायचं असतं तर एवढं कमी केलं नसतं की तराजूच ओरडेल.

ऊन कलतीला मामा आले. कपाळावरचं भस्म घामानं पुसट झालं होतं. ते उंबऱ्यावर बसले. शिकून काय मिळालं, लोकाचे दाणे मोजणं आणि वर चोरीचा आळ, असं त्यांनी सुरू केलं. महानंदानं ते बोलणं संपू दिलं आणि मग मुठीतले किडके दाणे त्यांच्यापुढे धरले.

"ही तुमच्या पेवातली आहे, मामा."

मामांनी दाणे पाहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"असंल. माझ्या पेवातली ज्वारी अर्ध्या गावात हाय. मजुरी काय मी सोन्यानं देतो?"

"परवा तुम्ही माळवदावर गेला होता."

"माझी तूर पाखरं खातात का ती बाई, ते बघाया." ते हसले. "नंदे, तुला वाटतं तुला सून करायसाठी मामानं हे केलं. पोरी, मला गोनीतनं माल काढायचा तर चार मुठी काढीन. पायलीला पायली कशापायी घालू? माझी पायली गेली की त्यात."

मामांचं हे पहिलंच बोलणं तिला पुरतं पटलं. बसप्पा व्यापारी फुकट एक दाणा कुठे घालणारा नव्हता. मग घातला कोणी? चोर माल नेतो. नेलेल्याच्या जागी तेवढाच माल आणून ठेवणारा आणि वर शिवण घालणारा हा कसला चोर?

"मामा, तुमची पायली द्या जरा."

"घे. पर शिगेचं माप आमच्याकडं चालत न्हाई. वरून हात फिरव."

त्यांनी खुंटीवरचं पितळी माप काढून दिलं आणि कडी लावून गेले. पीक कापल्या दिवशी हीच पायली खळ्यावर होती. गावाचा विश्वास मापावर, तराजूवर नाही. म्हणून गावाच्या समाधानासाठी ज्वारी आधी हिनंच मापली होती. बरोबर एक पायली, सपाट. मगच ती तराजूत आणि पिशवीत गेली होती.

महानंदानं बाहेर काढलेले दाणे परत पिशवीत टाकले आणि ती पायलीत ओतायला घेतली. माप भरलं. तिनं वरून हात फिरवला. पायली सपाट झाली, आणि पिशवीच्या कोपऱ्यात अजून ज्वारी उरली. ती तिनं ओंजळीत घेतली. एका हाताचा खोल पसा भरला, ना कमी ना जास्त.

ती तशीच बसून राहिली, पसा पुढे धरून. जिंतूरच्या घरात अव्वा, तिची आई, शेजारणीचं उसनं पीठ परत करी तेव्हा वाटी भरून झाल्यावर वर एक मूठ घाली. महानंदा लहानपणी विचारायची, आपण एवढं आणलं नव्हतं, जास्त का देतेस? अव्वा म्हणायची, घेतलं तेवढंच दिलं तर तो सौदा झाला, मूठभर वर घातलं की शेजार राहतो.

ही चोरी नव्हती. हे उसनं होतं, आणि ज्यानं नेलं त्यानं ते रीतीनं फेडलं होतं. फेडणाऱ्याला वजन ठाऊकच नव्हतं. त्याच्या हिशेबात पायलीला पायली झाली आणि वर पसा गेला, म्हणजे कोणाचं काही राहिलं नाही. तराजूवाल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. मामांच्या नाही, पटवाऱ्याच्या नाही, बन्सीधरच्याही नाही. आणि ज्वारी देऊन ज्वारी नेणार कोण? ज्याला ज्वारी म्हणजे ज्वारी वाटत नाही तोच. ज्याला तीच ज्वारी हवी.

मामी पाण्याचा तांब्या भरायला आली तेव्हा महानंदानं एकच विचारलं.

"मामी, वर बसतात त्या बायनाबाई कुणाच्या कोण?"

"अगं, आश्रुबाची आई न्हाई का ती."

५

कवडसा भिंतीवर चढला होता. माळवदावर तूर गोळा करण्याचा खसखस आवाज येत होता. महानंदा सवण्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं हळू हाक मारली.

"बायनामावशी."

खसखस थांबली. भोकाच्या कडेला पांढऱ्या केसांची चौकट आणि दोन डोळे आले.

"काय ग माय? पानी पायजे का?"

"तुमची ज्वारी मिळाली मला. पायली पुरी भरली. वर पसाही आहे."

मग बाई सवण्यापाशी बसली असावी, कारण उजेड निम्मा झाला.

"मग चुकलं काय माय? पायली नेली, पायली भरली."

"पण ती का नेली?"

बायनाबाईनं सांगितलं ते कोणी अगदी उघडी गोष्ट सांगावी तसं. तिच्या घरात वावरातली पहिली कापणी दुसऱ्या कशाला जात नाही. ती मडक्यात झाकून ठेवायची, खळ्यावर धान्याची रास लागायची वेळ आली की आधी ती जमिनीवर ओतायची आणि तिच्यावर बाकीची रास उभी करायची. सासूनं तसं केलं, सासूच्या सासूनं केलं. ज्या वर्षी केलं नाही त्या वर्षी तिचा नवरा गेला. यंदा पहिला विळा सरकारच्या पोरांनी चालवला आणि पहिले दाणे पिशवीत घालून नेले. तिनं हात जोडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही.

"बूड न्हाई तर रास कशाची? उद्या सकाळी रास लागनार हाय. म्हनून नेली. शिवन उसवली, दाने पदरात घेतले, माझ्या मजुरीचे त्यात घातले, पुन्यांदा शिवली. तुझ्या मोहोरेला बोट न्हाई लावलं, तुझी वस्तू ती."

"मावशी, पिशवी हलकी भरली. त्यांना वाटतं मी खाल्ली."

"हलकी कशी भरंल? पायली पुरी होती की."

महानंदानं तिला समजावून सांगितलं. किडक्या दाण्याचं पोट रिकामं असतं, माप भरलं तरी भार भरत नाही. सरकारची मोहोर असलेली पिशवी उसवणं म्हणजे काय, हे त्या बाईला आता कळत होतं.

"माझं काय, मी म्हातारी," अखेर ती म्हणाली. "पर आश्रुबाला धरून नेत्याल. त्याला ठावं बी न्हाई."

महानंदाला वाटलं, चार भिंतींची खोली एकटी आपलीच नाही. आता त्यात ही बाईही आली. नाव सांगावं तर ही जाते, न सांगावं तर आपण जातो.

"मडकं अजून भरलेलं आहे का?"

"हाय. देवापाशी झाकून ठिवलंय."

"उद्या माझ्याआधी ते ओतू नका. फक्त एकदा तोलायचं आहे."

"न्हाई माय. देवाला जायच्या आधी दाना तराजूत चढायचा न्हाई. तसलं नगं सांगू."

महानंदानं डोळे मिटले. पाटीवर ती असली गणितं खेळ म्हणून सोडवायची.

"दाण्याला तराजू लागणार नाही. मडकं तोलू, झाकलेलं. मग तुम्ही ओता, आणि रिकामं मडकं पुन्हा तोलू. मधला फरक तेवढा मी घेईन. दाणे सगळे तुमचे."

सवण्यातले डोळे तिच्याकडे बघत राहिले. अंगणात मामीनं हाक मारली. बायनाबाई उठली, आणि उजेड पुन्हा पुरा झाला. ती हो म्हणाली की नाही, ते महानंदाला ऐकू आलं नाही.

६

सकाळी शिवमूर्तींची दमणी बैलगाडी दारात सुटली. ते ओसरीवर आले, मामांशी शरणार्थ म्हणत नमस्कार झाला, पण लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. महानंदाची पत्र्याची पेटी कोणीतरी आधीच बाहेर आणून ठेवली होती.

दिनकररावांनी जवाबाला सुरुवात करताच महानंदानं सांगितलं की ती सगळं सांगेल, पण खळ्यावर, आणि तराजू-पायली बरोबर घेऊन. पटवाऱ्यानं हरकत घेतली. गिरदावरांनी तिच्याकडे, मग पटवाऱ्याकडे पाहिलं. पटवाऱ्याला एवढी घाई का, हे बहुधा त्यांच्या मनात आलं असावं.

"चला," ते म्हणाले.

आश्रुबाच्या खळ्यावर शेणानं सारवलेल्या गोल जागेत ज्वारीचे तीन ढीग उफणून ठेवले होते. मधली जागा रिकामी होती. तिथे बायनाबाई उभी होती, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात फडक्यानं बांधलेलं मडकं. महानंदाचा श्वास तेव्हा मोकळा झाला.

तिनं पिशवी दाखवली, बुडाची शिवण दाखवली, किडके दाणे पाण्यात टाकून दाखवले. पिशवी दिवसभर उघड्यावर असे, ती चूक आपली, हे तिनं आधी सांगितलं. मग मडकं तराजूत गेलं. बायनाबाईनं ते उचलून मधल्या जागेवर ओतलं, हात जोडले, आणि रिकामं मडकं परत तराजूत ठेवलं. महानंदानं मनात वजाबाकी केली. पहिल्या दिवशीचं वजन आलं, वाळल्याची जरा घट सोडून.

"ही तीच ज्वारी कशावरून?" पटवारी म्हणाला. "ढिगातली भरून आणली असंल."

"तर मग ढिगातली तोला," महानंदा म्हणाली. "तिन्ही ढिगांतून, हव्या त्या जागची पायली घ्या. या वावराची पायली किती भरते ते तरी कळेल."

गिरदावरांनी स्वतः पायल्या भरल्या. प्रत्येकीचं वजन मडक्यातल्या ज्वारीच्या आगंमागं भरलं. बन्सीधर हळूच म्हणाला की बेरीज करायची तर या वेळी त्यालाही जमेल.

दिनकररावांनी पायली हातातच ठेवली. मग आश्रुबाच्या आईकडे पाहून त्यांनी विचारलं, "चोरी कुणी केली?"

आश्रुबा गोंधळून आईकडे बघत होता. महानंदा पुढे झाली.

"चोरी झाली असती तर माप कमी भरलं असतं, साहेब. मी काल मापलं. पायली पुरी भरून वर पसाभर ज्वारी उरली."

गिरदावरांच्या हाताची बोटं पायलीच्या काठावरून फिरली. ते जिंतूर तालुक्यातल्याच कुठल्याशा शेतकऱ्याच्या घरचे होते. वर घातलेला पसा कशाचा असतो हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"चोरानं वर पसा दिला, असं मी नोकरीत कधी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आजही लिहिणार नाही. धान्य मिळालं, वजन बरोबर. बस."

त्यांनी पाठ फिरवली तेव्हा अप्पाराव पटवारी महानंदाच्या जवळून गेला. "गावच्या ताटातलं काढलंस, पोरी," तो अगदी हळू म्हणाला. पुढे कित्येक वर्षांनी, कचेरीत बसून दुसऱ्यांनी पाठवलेले आकडे मांडताना, ते वाक्य तिला ऐकू यायचं, आणि प्रत्येक आकड्यामागं एखादं खळं असेल म्हणून ती तो दोनदा तपासायची.

रास उभी राहू लागली होती. बायनाबाईनं पहिली पायली भरली आणि रीतीप्रमाणे एक न म्हणता "लाभ" म्हणाली. मग थांबून महानंदाकडे वळली.

"माय, माझी जुनी ज्वारी ती? मजुरीची हाय."

महानंदानं किडक्या ज्वारीची पिशवी तिच्या सुपात ओतली. मग ती मामांच्या बैलगाडीपाशी गेली. गाडीत त्यांची नव्या ज्वारीची गोणी होती. तिनं आत हात घातला, पसाभर दाणे घेतले आणि सुपात वर घातले.

"ते कशापायी?" मामा म्हणाले.

"राहू द्या, बसप्पा," शिवमूर्ती म्हणाले. खळ्यावर त्यांचं ते पहिलंच बोलणं होतं. "परत करताना देतात."

मामांनी गोणीचं तोंड आवळलं. घरी परतल्यावर शिवमूर्तींनी लेकीची पेटी स्वतः उचलून दमणीत ठेवली, गाडीवानाशेजारी बसले, आणि महानंदा मागं चढली. वेशीबाहेर वाट फुटते तिथे बैल सवयीनं जिंतूरकडे वळायला लागले.

"तिकडं न्हाई," शिवमूर्ती गाडीवानाला म्हणाले. "परभणीला घे. हिची हैदराबादची गाडी हाय."